शनिवारचं पाणी

एम.एस्सी. होऊन धुळ्याच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला रसायनशास्त्रातलं सगळं येत होतं. निदान माझी तशी ठाम समजूत होती. पुण्याहून येताना मी तिथल्या शिंप्याकडून एक पांढराशुभ्र कोट शिवून आणला होता. आमच्या विभागात तसला कोट दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. खुद्द विभागप्रमुख बुशशर्टावर प्रयोग करायचे आणि डाग पडला की तो भाग आत खोचून घ्यायचे. मी मात्र कोट घालून व्हरांड्यातून दोन फेऱ्या जास्तच मारायचो. एकदा एका शेतकऱ्यानं मला थांबवून मुलाच्या खोकल्यावर औषध मागितलं. कोटाचा एवढाच काय तो उपयोग झाला.

प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली नाना होते. हाताखाली हा माझा शब्द. ते कॉलेज निघाल्यापासून तिथे लॅब अटेंडंट होते, शिंदखेड्याकडच्या गावचे, चौथी शिकलेले, डोक्यावर टोपी, पायजमा गुडघ्यापाशी ठिगळाचा पण रोज धुतलेला. बोलायचे अहिराणी, आणि तीही मोजकी. मला ते 'भाऊ' म्हणायचे. ते मला खटकायचं. विद्यार्थी 'सर' म्हणतात, शिपाई 'सर' म्हणतात, मग यांनाच काय होतं, असं मला वाटे. खानदेशात 'भाऊ' म्हणणं म्हणजे मान देणं, हे जळगावात लहानाचा मोठा झालेल्या मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पुण्यात सहा वर्षं काढल्यावर माणूस सोयीचं तेवढं विसरतो.

नुसत्या डेमॉन्स्ट्रेटरकीवर माझं समाधान होण्यासारखं नव्हतं. मला संशोधन करायचं होतं. धुळ्यात उकिरड्याउकिरड्यावर धोत्रा उगवतो. त्याच्या बियांतला विषारी अंश वेगळा काढायचा आणि त्यावर निबंध लिहायचा, असं मी ठरवलं. पुण्याच्या माझ्या प्राध्यापकांना तसं सविस्तर आठ पानी पत्र धाडलं. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, "जमल्यास पहा." ते कार्ड मी कोटाच्या खिशात ठेवून हिंडत असे.

धोत्र्यातून काढलेला अंश नेमका कोणता आहे हे ओळखायची एक जुनी रीत होती. त्यात पिक्रिक अ‍ॅसिडचं द्रावण घालायचं, पिवळे स्फटिक खाली बसतात, ते किती तापमानाला वितळतात ते पाहायचं. पिक्रिक अ‍ॅसिडची एक बाटली आमच्या कोपऱ्यातल्या कपाटात होती. रुंद तोंडाची, काचेच्या बुचाची नव्हे, रबरी बुचाची. मी ती प्रथम उघडली तेव्हा आतला पिवळाधमक ऐवज चांगला ओलागच्च होता, वर बोटभर पाणी तरंगत होतं. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं या लोकांनी बाटल्या कशा सांभाळल्या असतील याची मला लगेच कल्पना आली, आणि माझी कल्पना नेहमीप्रमाणेच चुकीची होती.

पाणी कुठून आलं ते पुढच्या शनिवारी कळलं. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असे. साडेअकराला पोरं पांगल्यावर मी काही विसरलं म्हणून परत आलो, तर नाना कपाटापुढे उकिडवे बसले होते. त्यांनी बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं बाहेरून आतून पुसलं, बूच पुसलं, मग काचेच्या कांडीवरून थोडं थोडं पाणी आत सोडलं. चमचा नाही, पळी नाही, लोखंडाची एकही वस्तू जवळपास नाही. सगळं इतकं सावकाश आणि मनापासून चाललं होतं की मला तिथे फक्त उदबत्ती कमी वाटली.

शनिवार, पिवळी वस्तू, पाणी. मी तर्क केला. शनीचा वार, घरात कोणाला साडेसाती असणार, आणि हा गृहस्थ सरकारी ग्रांटातून आलेल्या रसायनाची पूजा करतोय. मी दारातूनच विचारलं, हे काय चाललंय? नानांनी वर पाहिलं, बूच लावलं आणि मग उत्तर दिलं.

"ते जितं शे, भाऊ. त्याले पानी लागस."

जितं म्हणजे जिवंत. झालं. माझ्या तर्कावर शिक्कामोर्तब झालं. मी त्यांना रसायन आणि प्राणी यांतला फरक समजावून सांगितला. दुधात पाणी घालणारा गवळी आणि रसायनात पाणी घालणारा अटेंडंट यांत काडीचा फरक नाही, असंही ऐकवलं. नाना ऐकत उभे राहिले. जुन्या सरांनी सांगितलं होतं, दर शनिवारी करायचं, एवढंच ते म्हणाले. जुने सर म्हणजे विभाग उभा करणारे प्राध्यापक. ते मी यायच्या कितीतरी आधी निवृत्त होऊन नाशिककडे गेले होते. मेलेल्या नाहीतर दूर गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं, असं मी मनात म्हटलं आणि घरी जायच्या ऐवजी टेबलापाशी बसून अर्ज लिहायला घेतला.

तो अर्ज मला आजही पाठ आहे. माझं मराठी तेव्हा फार जोरकस होतं. "सदर कर्मचारी अज्ञान व अंधश्रद्धा यांपोटी मौल्यवान रसायनांत दर शनिवारी पाणी मिसळून त्यांची नासाडी करीत असल्याचे निम्नस्वाक्षरीकाराने समक्ष पाहिले आहे." निम्नस्वाक्षरीकार हा शब्द लिहिताना मला जो आनंद झाला तो धोत्र्यानं कधीच दिला नाही. अर्ज विभागप्रमुखांच्या नावे होता. मी तो ऑफिसात नेऊन दिला, कारकुनानं त्यावर आवक क्रमांक घातला, आणि मी कोटाची बटणं लावत बाहेर पडलो.

आता या अर्जानं काय होणार होतं ते सांगायला हवं, कारण मला ते माहीत होतं. नाना जूनमध्ये अठ्ठावन्नचे होणार होते. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ द्यायची की नाही हे एप्रिलअखेर ठरायचं होतं आणि ते विभागप्रमुखांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. नानांचा मुलगा वारला होता. सून आणि नात यांचं सगळं नानांच्या पगारावर चालायचं. हे सगळं मला कारकुनानं अर्ज घेताना सांगितलं, अगदी सहज, चहा पिता पिता. मी त्याला म्हणालो की शास्त्रात भावनेला जागा नसते. माणसानं आयुष्यात बोललेली काही वाक्यं परत गिळता आली असती तर मी या वाक्यापासून सुरुवात केली असती.

सोमवारी नाना भाचीच्या लग्नाला दोंडाईचाला गेले, दोन दिवसांची रजा घेऊन. मला रान मोकळं मिळालं. ओल्या पिक्रिकचं वजन नीट करता येत नाही, म्हणून मला ते कोरडं हवं होतं. विभागातला ओव्हन बिघडलेला होता. पण धुळ्याच्या एप्रिलमध्ये ओव्हनची गरज काय? गावातल्या सगळ्या गच्च्यांवर पापड आणि कुरडया वाळत पडल्या होत्या. मी कॉलेजच्या गच्चीवर काचेच्या तीन मोठ्या बशा मांडल्या, त्यांत फिल्टर पेपर अंथरले आणि बाटलीतला ऐवज हातानं पसरून ठेवला. हो, हातानं. वर पाखरं येऊ नयेत म्हणून जुनी मच्छरदाणी टाकली. माझं वाळवण दोन दिवसांत खडखडीत झालं.

माझी दहाही बोटं मात्र पिवळी झाली, आणि साबणानं, लिंबानं, रॉकेलनं कशानंही ती जाईनात. मी कापडाच्या एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरी खोली घेऊन राहत होतो. त्यांच्या म्हाताऱ्या काकींनी हात पाहिले आणि हळद कधी लागली, कोणाकडची मुलगी, असं विचारलं. मी रसायनाचा डाग आहे म्हणून सांगितलं तर त्या समजूतदारपणे हसल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली की मास्तरांनी परस्पर लग्न उरकलं. ही बातमी एस.टी.नं पारोळा, एरंडोल करत जळगावला मेहरूणमधल्या आमच्या घरापर्यंत पोचली, आणि माझ्या आईनं त्या मुलीची जात विचारणारं पत्र पाठवलं. पण ते नंतर.

बुधवारी सकाळी मी बशा खाली आणल्या. पावडर कुठली, टणक ढेपळं झाली होती. एक ढेकूळ मी लोखंडी पट्टीच्या टोकानं टोचून पाहिलं, ते फुटलं. मला आनंद झाला. सगळं चिनीमातीच्या खलात भरलं. कुटून बारीक पूड करायची, मग वजन, मग द्रावण, मग निबंध, असा माझा बेत होता. मी बत्ता हातात घेतला.

नाना तेवढ्यात दारात आले. नव्या टोपीवर लग्नातल्या अक्षतेचा एक दाणा अडकलेला होता. त्यांनी खलाकडे पाहिलं, टेबलावरच्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. मला वाटलं आता हे गयावया करणार, आणि मी त्यासाठी एक छोटंसं व्याख्यानही मनात जुळवलं. ते दारातून पुढे आले नाहीत. अगदी हळू आवाजात बोलले.

"हात हालाडू नका, भाऊ. जठे शे तठेच ऱ्हाऊ द्या."

ओरडले असते तर मी नक्की कुटलं असतं. त्या हळू आवाजानं मी थबकलो. मग ते पाय न वाजवता आले, माझं मनगट धरलं, बत्ता माझ्या मुठीतून काढून घेऊन बाजूला फडक्यावर ठेवला. इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला होता. मला बाहेर जायला सांगितलं. मी जात नाही असं पाहून त्यांनी मला कोटाच्या बाहीला धरून व्हरांड्यात नेऊन उभं केलं, पोरांना लांब पाठवलं, आणि स्वतः आत परत गेले.

मी खिडकीतून पाहत होतो. नानांनी काचेच्या कांडीवरून खलाच्या कडेनं थेंब थेंब पाणी सोडलं. घाई नाही. खल भरून पाणी वर येईपर्यंत अर्धा तास गेला असेल. मग बशांतल्या कागदांवर, टेबलावर सांडलेल्या कणांवर, लोखंडी पट्टीवर, सगळीकडे ओली फडकी घातली. एवढं करून ते बाहेर आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. नानांचा डावा कान माझ्याकडे असला की मला मोठ्यानं बोलावं लागायचं, हे मी रोज पाहत होतो, पण कारण कधी विचारलं नव्हतं. ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं. जुन्या सरांनी त्यांना एकदा मैदानाच्या टोकाला नेऊन राईच्या दाण्याएवढं कोरडं पिक्रिक लोखंडावर ठेवून त्यावर हातोडा मारून दाखवला होता, नुसतं सांगून विश्वास बसणार नाही म्हणून. नाना वाकून बघायला जास्तच जवळ गेले होते. राईच्या दाण्याएवढं. माझ्या खलात पाऊण पौंड होतं.

मी कपाटातून माझी पुण्याची वही काढली. पिक्रिक अ‍ॅसिडचं पान सापडायला वेळ लागला नाही. ओलं ठेवावं, कोरडं झाल्यास घर्षणानं किंवा आघातानं स्फोट होतो, धातूचा स्पर्श होऊ देऊ नये, बुचाच्या खाचेत कण साचू देऊ नयेत. माझ्याच अक्षरात. खाली लाल शाईनं दोन रेघा. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला त्यात पैकीच्या पैकी गुण होते. नाना दर शनिवारी जे करत होते ते यातलं एकेक वाक्य होतं. शनिवार एवढ्यासाठीच की त्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत पोरं नसतात.

मी त्याच पायरीवर नानांच्या शेजारी बसलो. नानांनी मला प्यायला पाणी आणून दिलं.

तेव्हा मला अर्ज आठवला. मी धावतच ऑफिसात गेलो. कारकून म्हणाला, अर्ज सरांच्या टेबलावर आहे. आणि हो, नानांना माहीत आहे, शनिवारीच सांगितलं मी त्यांना. म्हणजे आज सकाळी दारात उभ्या असलेल्या त्या माणसाला माहीत होतं, की खल घेऊन बसलेला हा पोरगा आपली नोकरी घालवणारा कागद लिहून बसलाय. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती.

शरम वाटली म्हणून मी शहाणा झालो असं मात्र नाही. मी त्या रात्री खोलीत बसून अर्ज मागे घेण्याचे चार मसुदे केले आणि चारही मसुद्यांत माझी इज्जत शाबूत होती. "गैरसमजातून" एकात, "पूर्ण माहितीअभावी" दुसऱ्यात. तिसऱ्यात तर सगळा दोष बाटलीवरच्या पुसट झालेल्या चिठ्ठीवर होता. त्यातला सगळ्यात गुळगुळीत मसुदा घेऊन मी गुरुवारी विभागप्रमुखांपुढे उभा राहिलो.

सर मितभाषी होते. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि गैरसमज कोणाचा, असं विचारलं. जरा उभयपक्षी, मी म्हणालो. नानांचा काय गैरसमज झाला, त्यांनी पुढे विचारलं. मग मी सगळं सांगितलं. वहीतल्या लाल रेघांपासून खलापर्यंत. बशा कुठे वाळवल्या, त्यांनी विचारलं. गच्चीवर, मी म्हणालो. गच्चीचा कोणता कोपरा? पूर्वेचा. सरांनी मान वर करून आपल्या खोलीच्या छताकडे पाहिलं आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिले. त्यांची खोली पूर्वेच्या कोपऱ्यात होती.

मग ते म्हणाले, "आवक झालेला अर्ज फायलीतून काढता येत नाही. नानांच्या सेवापुस्तकाला तो लागणारच. तुम्हाला दुसरा कागद लिहिता येईल. पण आता मला सांगितलंत तसा लिहा. हा नको."

मी नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. तसा कागद लिहिला तर मला जूनमध्ये घरी बसावं लागलं असतं, हे मला कळत होतं. नाही लिहिला तर नाना बसणार होते. तिथेच, सरांच्या टेबलाच्या कडेला, मी लिहिलं. अज्ञान हा शब्द मी ज्यांच्याबद्दल वापरला त्यांच्या ठायी ते नव्हतं, ते माझ्या ठायी होतं. पिक्रिक अ‍ॅसिड ओलं ठेवणं हाच त्याच्या रक्षणाचा एकमेव बरोबर मार्ग असून नानांनी तो इतकी वर्षं चुकवला नाही. मी ते कोरडं करून कुटायला घेतलं असता नानांनी माझा, विद्यार्थ्यांचा आणि इमारतीचा जीव वाचवला. निम्नस्वाक्षरीकार लिहावंसं या वेळी वाटलं नाही. "मी" लिहिलं. कारकुनानं आवक क्रमांक घातला.

सरांनी मला लेखी ताकीद दिली आणि धोत्र्याचं संशोधन बंद करायला सांगितलं. रसायनशास्त्राचं त्यामुळे काही नुकसान झालं नाही. नोकरी राहिली. नानांची मुदतवाढ दोन वर्षांची मंजूर झाली. तो हुकूम आला त्या दिवशी मी तो घेऊन प्रयोगशाळेत गेलो. नानांनी हुकूम कपाळाला लावून खिशात घातला आणि मला विचारलं की तुम्ही दुसरा कागद लिहिलाय म्हणतात, तो वाचायला मिळेल का? मी ऑफिसातून फाईल मागून आणली.

ते चौथी शिकलेले होते. एकेका अक्षराखाली बोट धरत, ओठ हलवत त्यांनी माझा कागद वाचला. दहाबारा ओळी वाचायला पाव तास लागला. मी वाचून दाखवतो म्हटलं तर त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं की हा कागद किती दिवस राहील. कायम राहील, मी म्हणालो, कॉलेज आहे तोपर्यंत.

"आनि पहिला?"

मी खोटं बोलणार होतो. जीभ तशी वळलीही होती. पण त्यांनी बोट अजून कागदावरच ठेवलं होतं.

"तोही राहील, नाना. काढता येत नाही."

नानांनी फाईल नीट बंद केली, वरची नाडी बांधली आणि ती माझ्या हातात दिली.

"मनी नात दोन वरीसमा आठेच, या कालेजमा शिकाले येवाव शे," ते म्हणाले. "तिले पहिला नका दखाडू."